पहिला सिगार ओढायचाय? मग मेहुण्याने दिलेला चर्चिल आधी बाजूला ठेवा

प्रश्न थोडक्यात असा. अमेरिकेतल्या मेहुण्याने निकाराग्वाचा, हाताने वळलेला एक सिगार भेट दिला. चर्चिल साइझचा, जवळजवळ काळा, वीतभर लांब. तीन आठवडे तो पुण्यात कपाटाच्या खणात पडून आहे. विचारणाऱ्याने कॉलेजात चार-दोन सिगारेटी ओढल्या, त्यापलीकडे तंबाखूशी संबंध नाही. येत्या शनिवारी रात्री मित्रांबरोबर गच्चीवर पेटवायचा बेत आहे. कटर कुठला घेऊ, घरातला लायटर चालेल का, सोबत व्हिस्की कुठली, आणि सगळ्यात शेवटी, जरा चाचरतच: "मळमळतं म्हणतात, ते खरं का? आणि घरात वास राहतो का?"

मी दुबईत सिगारच्या दुकानात काम करतो. आमच्याकडे रोज कुणी ना कुणी पहिल्यांदा सिगार घ्यायला येतं, त्यात आपली मराठी मंडळीही पुष्कळ. त्यावरून सांगतो, तुमच्या प्रश्नांचा क्रम उलटा करायला हवा. कटर, लायटर, व्हिस्की हे सगळं दुय्यम. चाचरत विचारलेला मळमळीचा प्रश्न हाच खरा. पहिला सिगार वाया जातो तो कटर चुकला म्हणून नाही. भरभर ओढला म्हणून जातो, नाहीतर झेपणार नाही एवढा मोठा निवडला म्हणून. तुमच्याकडचा त्या दुसऱ्या जातीचा आहे. तेव्हा माझा सल्ला असा की तो शनिवारी पेटवू नका. का, ते सांगतो.

सिगारेट आणि सिगार दोन्ही तंबाखूचेच, पण निकोटिन अंगात जाण्याची वाट वेगळी. सिगारेटमधली बरीचशी तंबाखू भट्टीच्या गरम हवेत वाळवलेली असते आणि तिचा धूर आम्लधर्मी असतो. त्यातलं निकोटिन तोंडात फारसं शोषलं जात नाही, म्हणून तो धूर छातीत ओढला जातो. सिगारची पानं कोठारात टांगून हवेवर वाळवतात आणि मग महिनोन्‌महिने आंबवतात. त्यांचा धूर अल्कधर्मी असतो, आणि त्यातलं निकोटिन गालाच्या आतल्या अस्तरातूनच रक्तात उतरतं. म्हणजे धूर तोंडात घेतला आणि सोडून दिला, एवढ्यानेच काम होतं. छातीत घ्यायची गरज नाही. घेतलात तर ठसका लागेल, आणि मागोमाग भोवळ.

आता मात्रा बघा. एका सिगारेटमध्ये एक ग्रॅमही तंबाखू नसते. मोठ्या सिगारमध्ये ५ पासून २० ग्रॅमपर्यंत असू शकते, म्हणजे एखाद्या सिगारमध्ये तर सिगारेटच्या अख्ख्या पाकिटाएवढी. शिवाय हे निकोटिन हळूहळू चढतं. पहिली वीस मिनिटं माणूस मजेत असतो, "यात काय विशेष" म्हणतो, झुरके वाढवतो. मग तोंडाला पाणी सुटतं, कपाळावर गार घाम येतो, चेहरा पांढराफटक पडतो. पुढचं तुम्हाला कळलंच असेल. तेव्हा हो, मळमळतं हे खरं आहे, पण टाळता येतं.

कुणाला किती झेपेल हे मात्र माणसागणिक बदलतं. गंमत म्हणजे रोज सिगारेट ओढणाऱ्यांची पहिल्या सिगारला जास्त फजिती होते. निकोटिनची सवय असते, पण धूर छातीत ओढायचीही असते, आणि ती सवय तिसऱ्या-चौथ्या झुरक्याला नकळत डोकं वर काढते. तंबाखू मळून खाणाऱ्याला निकोटिन सोसतं, त्याला फक्त धूर नवा. ज्याने काहीच केलेलं नाही तो ओढायची पद्धत पटकन शिकतो, पण त्याला मात्रा कमी लागते. तुम्ही या तिसऱ्या गटातले.

आणखी एक. हाच माल विकून माझं घर चालतं, तरी सांगतो. धूर छातीत घेतला नाही म्हणून सिगार निरुपद्रवी होत नाही. तोंड, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका यांच्या कर्करोगाचा धोका सिगारनेही वाढतो, आणि नियमित ओढणाऱ्याला फुफ्फुसाचाही. महाग सिगार, हातवळणीचा सिगार, "नैसर्गिक" सिगार, यातल्या कशानेच तो धोका जात नाही. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल तर हा बेत सोडूनच द्या. आणि ज्याला मुळात इच्छाच नाही, पण मित्र पेटवतायत म्हणून पेटवायचाय, त्याला मी दुकानातही कॉफी पाजून परत पाठवतो.

तर तुमच्या हातात आहे काय? हातवळणीच्या सिगारमध्ये तीन थर असतात. आत फिलर, म्हणजे लांबच्या लांब दुमडलेली पानं. त्यावर त्यांना बांधून ठेवणारं बाइंडर. सगळ्यात वर रॅपर, म्हणजे सर्वात देखणं, सर्वात महाग पान. यंत्रावरच्या स्वस्त सिगारमध्ये बहुधा पानांचा चुरा भरलेला असतो. तो भराभर जळतो आणि धूर गरम येतो. लांब पानांचा सिगार सावकाश जळतो, कारण तो तसा जळावा म्हणूनच रचलेला असतो. झाडाच्या तळची पानं, क्यूबात त्यांना वोलादो म्हणतात, पातळ आणि सौम्य. ती सिगार जळता ठेवतात. मधली सेको, ती सुगंधाची. शेंड्याजवळची लिखेरो, ती उन्हात तापलेली, जाड, तेलकट आणि कडक. लिखेरो सावकाश जळतं, म्हणून वळणारा ते बरोबर मध्यभागी ठेवतो. कडेला आलं तर सिगार तिरका जळतो.

डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या सांतियागो शहरात मी हे काम बघितलं आहे. जोडीने बसतात. एकजण पानं हातात चुण्या घालून गोळा करतो, म्हणजे मधून हवा जायला वाट राहते, आणि बाइंडरमध्ये गुंडाळून साच्यात दाबायला ठेवतो. दुसरा चावेता नावाच्या अर्धगोल पात्याने रॅपर कापून वरून चढवतो आणि टोकाला छोटी टोपी वनस्पतींच्या डिंकाने चिकटवतो. रॅपर चढवण्याआधी बऱ्याच कारखान्यांत हवा नीट जाते का हे यंत्रावर तपासतात. (क्यूबात वळणाऱ्यांना मोठ्याने वर्तमानपत्र आणि कादंबऱ्या वाचून दाखवणारा माणूस असतो, १८६५ पासूनची प्रथा. आपल्याकडे कण्णूरच्या विडी कारखान्यांतही असं वाचन चालायचं. हाताला काम आणि कान मोकळे, म्हटल्यावर सुचणारच.) हे सगळं सांगण्याचा उद्देश एवढाच की ही वस्तू घाईसाठी बनवलेलीच नाही.

रंगाचं बोलू. "काळा म्हणजे कडक" हा समज पक्का रुजलाय आणि तो चुकीचा आहे. काळपट रॅपरला मादुरो म्हणतात. ते पान जास्त काळ, जास्त उष्णतेत आंबवलेलं असतं, म्हणून रंग गडद होतो आणि चवीला बऱ्याचदा किंचित गोडसरच लागतं. सिगारचा कडकपणा ठरतो मुख्यतः आतल्या फिलरवरून. तुमच्या सिगारचं नाव वाचल्याशिवाय मी ठामपणे काही सांगणार नाही, पण निकाराग्वाच्या एस्तेली भागातली तंबाखू सहसा जोरकस असते. त्यात चर्चिल म्हणजे सात इंच लांब. जाडी ४७ रिंग, एक रिंग म्हणजे इंचाचा चौसष्टावा भाग, तेव्हा साधारण पावणेएकोणीस मिलिमीटर. क्यूबाबाहेरचे चर्चिल याहून थोडे जाडही असतात. नीट ओढला तर दीड तास, कधी जास्तच. पहिल्या वेळेला दीड तास कुणाचाच धीर टिकत नाही. शेवटचा तिसरा भाग सर्वात तिखट आणि निकोटिनला भारी असतो, आणि तिथे पोचेपर्यंत नवखा माणूस आधीच थकलेला असतो.

म्हणून शनिवारसाठी वेगळा, छोटा सिगार घ्या. पेटिट कोरोना नावाचा आकार मिळतो, साधारण पाच इंच लांब आणि ४२ रिंग. अर्ध्या-पाऊण तासात संपतो. तो मिळाला नाही तर रोबुस्टो, पाच इंच आणि ५० रिंग, पण तो अर्धा ओढून ठेवायची तयारी हवी. फिलर डॉमिनिकन, रॅपर कनेटिकट. हे रॅपर फिकट तपकिरी, रेशमी असतं. अमेरिकेतल्या कनेटिकट नदीच्या खोऱ्यात कापडी मांडवाखाली, सावलीत पिकवतात, म्हणून पान पातळ राहतं. हल्ली त्याच बियाण्याचं बरंच पान इक्वाडोरमधून येतं. तिथे आभाळ एवढं भरलेलं असतं की मांडवाची गरज लागत नाही. दुकानात एवढंच सांगा: "पहिलाच आहे, सौम्य आणि छोटा द्या." चांगला दुकानदार यावर खूश होतो. सर्वात महाग पेटीकडे बोट दाखवणारा भेटला तर दुसरं दुकान बघा.

क्यूबाचाच हवा का? पहिल्या वेळेला अजिबात नाही. क्यूबाच्या पिनार देल रिओ प्रांतातलं पान उत्तमच, त्याबद्दल वाद नाही. पण १९६० मध्ये क्यूबा सरकारने सिगारचे कारखाने ताब्यात घेतले आणि फेब्रुवारी १९६२ मध्ये अमेरिकेने व्यापारबंदी घातली. त्या काळात बाहेर पडलेली तंबाखूवाली घराणी आपली विद्या आणि बियाणं घेऊन डॉमिनिकन रिपब्लिक, होंडुरास, निकाराग्वात रुजली. आज तिथला माल कशातच कमी नाही, आणि सुबकपणात तर बऱ्याचदा वरचढ. तुमच्या मेहुण्याने निकाराग्वाचा आणला तोही त्याच बंदीमुळे. अमेरिकेतल्या दुकानात क्यूबाचा सिगार आजही विकता येत नाही. क्यूबाच्या नावाखाली खोटा माल मात्र जगभर फिरतो. काचेच्या झाकणाच्या पेटीतला कोहिबा, म्हणजे क्यूबाचा नावाजलेला ब्रँड, कुणी स्वस्तात दिला तर डोळे झाकून खोटा समजा, मूळ कंपनी तशी पेटी काढतच नाही. भारतात घेत असाल तर ज्या पेटीतून सिगार काढून देतात तिच्यावर सचित्र आरोग्य-इशारा आहे का बघा. नसेल तर तो माल रीतसर आयात झालेला नाही, आणि वाटेत कुठे, कसा पडून होता याचा भरवसा नाही.

हा पडून राहण्याचा मुद्दा मोठा आहे, कारण तुमचा सिगार तीन आठवडे खणात आहे. सिगारला साधारण ६५ ते ७० टक्के आर्द्रता आणि १८ ते २१ अंश तापमान मानवतं. पुण्याचा उन्हाळा म्हणजे कोरडा ठणठणीत. त्यात तीन आठवड्यांत पानातली ओल उडून जाते. असा सिगार पेटवला तर भसाभस जळतो, धूर गरम आणि तिखट येतो, आणि माणूस म्हणतो सिगार वाईट होता. दोन बोटांत अलगद दाबून बघा. किंचित दबून परत वर आला तर ठीक. करकर वाजला, टणक लागला, रॅपरला बारीक चिरा दिसल्या, तर कोरडा पडलाय. फ्रिजमध्ये ठेवू नका. फ्रिज कोरडा असतो, वर कालच्या भाजीचा वास फुकट. ओल्या फडक्यात गुंडाळायचं तर नावच नको. रॅपर एकदम फुगतं आणि तडकतं.

उपाय साधा आणि स्वस्त आहे. घट्ट झाकणाचा एक स्वच्छ डबा घ्या, मसाल्याचा किंवा लोणच्याचा वास नसलेला. ६५ किंवा ६९ टक्क्यांचं आर्द्रतेचं पाकीट मिळतं, बोव्हेडा नावाने बहुतेक दुकानांत असतं. ते हवेत ओल कमी असेल तर सोडतं आणि जास्त असेल तर शोषतं. ते आत ठेवा, सिगार ठेवा, झाकण लावा आणि तीन-चार आठवडे विसरून जा. सावकाश ओल धरली की सिगार बऱ्यापैकी सावरतो. उडून गेलेली सुगंधी तेलं परत येत नाहीत, पण तीन आठवड्यांत फार काही गेलेलं नसणार. एकदोन सिगारसाठी ह्युमिडॉर, म्हणजे ओल राखणारी लाकडी पेटी, घेण्यात अर्थ नाही.

मुंबईत किंवा कोकणात असता तर काळजी उलटी. पावसाळ्यात हवाच एवढी ओली की सिगार फुगतो, पेटत नाही, बुरशी धरतो. ओल आणि उकाडा एकत्र आले की तंबाखूतला भुंगेराही बाहेर येतो. आपल्या स्वयंपाकघरात हळदीला, धण्याला भोकं पाडतो तोच हा प्राणी. रॅपरवर टाचणीने टोचल्यासारखं गोल भोक दिसलं तर तो सिगार लगेच वेगळा काढा. तुमच्याकडे सध्या ही भीती नाही, पण जूनमध्ये डबा उघडाल तेव्हा लक्षात असू द्या.

आता शनिवार. दोन तास आधी व्यवस्थित जेवा. रिकाम्या पोटी सिगार हे मळमळीला आमंत्रण. गच्ची स्वतःची असेल तर प्रश्न नाही, सोसायटीची सामाईक असेल तर आधी विचारा. हॉटेलात बसायचं ठरलं तर लक्षात ठेवा, २ ऑक्टोबर २००८ पासून देशभर सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला बंदी आहे, ते फक्त ठरवून दिलेल्या खोलीतच चालतं. वारं अंगावर येणार नाही अशी जागा निवडा. वाऱ्यात सिगार एका बाजूने आणि गरम जळतो. शेजारी लहान मूल किंवा दम्याचा माणूस असेल तर तिथे नकोच, हा धूर सिगारेटपेक्षा खूप जास्त आणि चिवट असतो.

सोबत व्हिस्की नको, निदान या वेळी तरी. एकतर दोन्ही मिळून डोकं गरगरतं आणि दोष कुणाचा हे कळत नाही. शिवाय दारूबरोबर गप्पा वाढतात आणि हात नकळत तोंडाकडे जास्त वेळा जातो. पाणी ठेवा, आणि काहीतरी गोड: साखर घातलेली कॉफी, चहा, कोला, चिक्की. थोडी साखर पोटात असली की सिगार सोपा जातो, असा आमच्या धंद्यातल्या सगळ्यांचा अनुभव आहे.

कापण्याबद्दल दोनच वाक्यं. तोंडात धरायच्या टोकाला टोपी जिथे खालच्या पानाला चिकटते ती बारीक रेघ दिसते, तिच्या वर, साधारण दोन मिलिमीटर, एका झटक्यात कापा. रेघेच्या खाली गेलात तर रॅपर सुटत जाईल. साधा दुधारी कटर पुरे, भारी घेऊ नका, आणि दाताने तोडू तर मुळीच नका. कापल्यावर न पेटवताच एकदा ओढून बघा. हवा अडकत असेल तर बोटांनी सिगार हलका चोळा.

पेटवायला घरातला गॅसचा लायटर चालेल. पेट्रोलचा नको, मेणबत्ती नको. दोन्हींचा वास पानात शिरतो. काडेपेटी असेल तर काडीवरचं गंधक जळून जाऊ द्या, मग जवळ न्या. सिगार तिरका धरून फिरवत राहा, ज्योत टोकाच्या खाली ठेवा, चिकटवू नका. टोक सगळीकडून काळपट झालं की मग तोंडात धरून दोन-तीन हलके झुरके. टोकावर फुंकर मारून बघा, लाली सगळीकडे सारखी दिसली पाहिजे. एका बाजूला नसेल तर तिथेच थोडी आच द्या. या कामाला एक-दोन मिनिटं लागू द्यावीत.

आणि मग गती. सगळं इथेच ठरतं.

मिनिटाला एक झुरका. त्याहून जास्त नाही. धूर तोंडात घ्यायचा, क्षणभर ठेवायचा, सोडायचा. छातीत जाऊ द्यायचा नाही. ऐकायला सोपं आहे, पण नवखा माणूस पहिल्या पाच मिनिटांत हमखास घाबरतो की सिगार विझेल, आणि ओढतच राहतो. शेगडीतल्या निखाऱ्यांना सतत वारा घालत राहिलं तर काय होतं? तेच इथे होतं. टोक तापतं, धूर गरम येतो, पानातली तेलं जळून कडू होतात, आणि ती कडू ओल मागच्या बाजूला जमत जाते. अशा सिगारला चव उरत नाही. वर प्रत्येक झुरक्याबरोबर निकोटिनही जातंच. म्हणजे बेचव होण्याचं आणि मळमळण्याचं कारण एकच आहे.

सिगार विझला तर विझू द्या. यात कमीपणा काही नाही, माझाही विझतो. राख झाडा, हलकेच एकदा उलटा फुंकून आतला शिळा धूर बाहेर काढा आणि परत पेटवा. तासाभराच्या आत पेटवलेला चांगला लागतो. रात्रभर ठेवून सकाळी पेटवलेला मात्र घाण लागतो, तो फेकून द्या.

मी नव्या गिऱ्हाइकाला एक सोपी युक्ती सांगतो: झुरका घेतला की सिगार हातात धरू नका, राखदाणीवर ठेवा. हातात असला की तोंडाकडे जातोच. ठेवलेला उचलायला थोडा विचार लागतो. बोटांना टोकाकडची बाजू गरम लागायला लागली, किंवा धूर जिभेला चटका द्यायला लागला, तर दोन मिनिटं तसाच ठेवा. तिरका जळत असेल तर जी बाजू मागे राहिली आहे ती खाली करून ठेवा. बहुतेकदा आपोआप सरळ होतो. राख सारखी झटकू नका. ती इंचभर साठू द्या, मग राखदाणीच्या कडेला टेकवा, आपसूक पडेल. मात्र कुणाची राख लांब टिकते ही पैज लावणारे मित्र असतात. ती राख शेवटी शर्टावरच पडते.

चवीबद्दल फार ताण घेऊ नका. पेटीवर आणि व्हिडिओत कोको, चामडं, भाजलेले बदाम, देवदार अशी यादी असते. पहिल्या वेळेला यातलं काहीही नाही जाणवलं तरी चालेल. हातवळणीच्या चांगल्या सिगारमध्ये वरून सुगंध घातलेला नसतो. जे काही लागतं ते पानाचं, मातीचं आणि आंबवण्याचं. तुम्ही एवढंच बघा: धूर जिभेवर कोरडा लागतोय की तुकतुकीत, गोडसर की मिरमिरीत, आणि सुरुवातीला जसा होता तसाच अर्ध्यावर आहे का. बदल जाणवला तर पहिल्या रात्रीसाठी पुष्कळ झालं. धूर नाकावाटे सोडायची एक पद्धत आहे, त्याने चव जास्त कळते, पण ती तिसऱ्या-चौथ्या सिगारला. आत्ता केलंत तर डोळ्यांतून पाणी येईल आणि मित्र फोटो काढतील. कागदी पट्टी काढायची असेल तर थोडं थांबा. सिगार गरम झाला की डिंक सैल पडतो आणि ती रॅपर न फाडता निघते. ठेवली तरी कुणाची हरकत नसते.

मळमळ सुरू झाली असं वाटलं, तोंडाला पाणी सुटलं, घाम आला, तर "संपवूनच उठतो" हा हट्ट करू नका. सिगार खाली ठेवा, मोकळ्या हवेत बसा, पाणी प्या, काहीतरी गोड खा. चक्कर असेल तर सरळ आडवे व्हा. बहुतेकांना अर्ध्या-एक तासात बरं वाटतं. छातीत दुखलं, शुद्ध हरपली किंवा उलट्या थांबेनात, तर मात्र डॉक्टरकडे जा. आणि काहीच त्रास झाला नाही तरी शेवटचे दोन इंच सोडून द्या. तिथे सगळी उष्णता आणि सगळा कडवटपणा गोळा झालेला असतो. अर्धवट टाकलेल्या सिगारबद्दल वाईट वाटणारे लोक पैशाचा हिशेब करत असतात. छोटा आणि सौम्य घ्या म्हणतो, त्याचं हेही एक कारण आहे. टाकताना जीव तुटत नाही.

मेहुण्याच्या चर्चिलचं काय? तो पाकीट घातलेल्या डब्यात राहू द्या. दोनतीन छोटे सिगार आरामात झेपले, आणि मुळात ही गोष्ट तुम्हाला आवडली, तर मेहुणा पुढच्या वेळी पुण्यात येईल तेव्हा त्याच्यासमोर पेटवा. तोपर्यंत तो ओलही धरेल आणि मुरेलही. नीट ठेवलेला सिगार काही वर्षं सहज टिकतो. आणि नाही आवडली, तर ओढणाऱ्या कुणाला तरी देऊन टाका. आणि तरीही शनिवारी तोच पेटवायचा असा मित्रांचा हट्ट असेल, तर निदान तो कोरडा नाही ना हे बघा आणि पहिल्या अर्ध्या तासानंतर खाली ठेवा, कितीही बरं वाटत असलं तरी.

वासाचं राहिलं. हो, राहतो, आणि सिगारेटपेक्षा जास्त राहतो. बंद खोलीत ओढलात तर पडदे आणि सोफा पुढचे कित्येक दिवस सांगत राहतील. म्हणून घरात नकोच, खिडकीत उभं राहूनही नको. गच्चीवरून आल्यावर शर्ट सरळ धुवायला टाका आणि केसही धुवा, खरा वास तिथे बसतो. तोंडासाठी दात घासून भागत नाही, जीभही घासा. सिगार सिगारेटसारखा चिरडून विझवू नका, त्यानेच सर्वात घाण वास सुटतो. राखदाणीत ठेवून दिला की तो आपोआप विझतो. पूर्ण गार झाल्यावर थोटूक आणि राख पाण्यात भिजवून, पिशवीत बांधून त्याच रात्री बाहेरच्या कचऱ्यात टाका. स्वयंपाकघरातल्या डब्यात टाकलंत तर सकाळी चहा करायला उठणारं माणूस आधी तुम्हालाच उठवेल.